सेव्हियातला फूड आणि वाईन वॉक: बुकिंगपासून शेवटच्या ग्लासपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

स्पेनमधल्या सेव्हियाला जाऊन आलेल्यांकडून गाईडसोबतच्या फूड वॉकबद्दल त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. पहिल्याच बारमध्ये पोट भरलं आणि पुढचं नुसतं बघत बसलो. शाकाहारी असं कळवूनही टोमॅटोच्या सूपवर हॅमचे तुकडे आले. रात्री अकराला आई-बाबांचे डोळे मिटायला लागले. यातल्या बहुतेक गोष्टींना गाईड जबाबदार नसतो. आपण चुकीचा दिवस निवडतो, अपुरी माहिती देतो आणि ताटभर जेवायच्या सवयीने तापास खायला जातो. तापास म्हणजे छोट्या बशीतला दोन-चार घासांचा पदार्थ. तो खाऊन, एक ग्लास संपवून पुढच्या बारकडे चालू लागायचं असतं.

खालचे टप्पे ज्या क्रमाने लिहिले आहेत त्याच क्रमाने करा. विशेषतः तिसरा आणि सातवा वरवर वाचू नका.

टप्पा 1: कोणता वॉक घ्यायचा ते आधी ठरवा

'फूड टूर' या एकाच नावाखाली सेव्हियात वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. संध्याकाळचा तापास वॉक असतो: तीन-साडेतीन तास, चार-पाच बार, खाणं-पिणं किमतीत धरलेलं. दुपारचा वॉक बहुधा त्रियानाच्या बाजारातून सुरू होतो. काही ठिकाणी एकाच जागी बसून शेरी या स्थानिक वाईनचे पाच-सहा प्रकार चाखायला देतात. त्यात चालणं जवळजवळ नसतं आणि खाणंही बेताचंच. शिवाय 'फ्री टूर' असते. त्यात गाईडला शेवटी आपल्या मनाने पैसे द्यायचे आणि प्रत्येक बारमधलं खाणं-पिणं आपल्या खिशातून. 'फ्री' हा शब्द वाचून चौघांचं कुटुंब जातं, मग चार बारची चार बिलं भरताना तोंडं पडतात.

भाग कोणता, हेही बघा. कॅथेड्रलच्या मागचा सांता क्रूझ हा सर्वात गर्दीचा आणि पर्यटकी भाग. अरेनाल हा कॅथेड्रल आणि नदी यांच्यामधला. त्रियाना नदीपलीकडे. अलामेदा उत्तरेला, तिथले बार नव्या धाटणीचे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अरेनाल आणि सांता क्रूझची कड असा वॉक घ्यावा असं माझं मत. जुने बार एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहेत आणि दमणूक होत नाही. मासे आवडत असतील तर त्रियाना घ्या, पण दुपारचाच. संध्याकाळी बाजारातले गाळे बंद असतात, मग 'बाजाराचा वॉक' म्हणून पैसे भरून मिटलेली शटरं बघावी लागतात.

तपासा: वॉकच्या वर्णनात किमान दोन वेगवेगळे भाग किंवा बारचे प्रकार दिसताहेत का? सगळे थांबे एकाच गल्लीत असतील तर तो वॉक सोडा. ती गल्ली तुम्ही स्वतः फिरू शकता.

टप्पा 2: दिवस आणि वेळ

इथे दोन हिशेब करायचे. पहिला शरीराचा. स्पेनचं घड्याळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. म्हणजे जूनमध्ये सेव्हियात रात्री आठला सुरू झालेला वॉक तुमच्या शरीरासाठी साडेअकराला सुरू होतो आणि पहाटे तीनला संपतो. त्यामुळे मुंबईहून उतरलात त्याच संध्याकाळचं बुकिंग करू नका. निदान एक रात्र झोपा. सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर दुपारचा वॉक बरा. लंडन किंवा डब्लिनहून वीकेंडला येणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांनी मात्र पहिल्याच संध्याकाळी जावं, म्हणजे शिकलेलं उरलेल्या दिवसांत वापरता येतं.

दुसरा हिशेब शहराचा. सेव्हियात दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बऱ्याच बारची स्वयंपाकघरं बंद असतात. बिअर मिळते, गरम काही मिळत नाही. संध्याकाळी सहाचा वॉक दिसला की विचारा: तेव्हा कोणत्या बारचं किचन चालू असतं? उत्तर गुळमुळीत आलं तर थंड चीज आणि हॅमवर संध्याकाळ काढावी लागेल.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 अंशांच्या वर जाणं नेहमीचं आहे. तेव्हा दुपारचा वॉक नकोच. शिवाय ऑगस्टमध्ये कित्येक जुने बार सुट्टीवर जातात. जूनअखेरीस सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आठ वाजताही ऊन अंगावर असतं. टोपी संध्याकाळीही लागते.

सावधान: ईस्टरआधीच्या आठवड्यात, म्हणजे सेमाना सांताला, मिरवणुकांमुळे मध्यवस्तीतले रस्ते तासन्‌तास अडतात. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया असते, तेव्हा शहराचं लक्ष नदीपलीकडच्या लोस रेमेदिओसमधल्या जत्रेकडे असतं. या दिवसांत वॉक असतात, पण मार्ग बदलतात. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारीही बरेच बार बंद असतात. मंगळवार ते गुरुवार सर्वात सोयीचे.

टप्पा 3: बुकिंग करताना काय लिहायचं

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. फॉर्ममध्ये आहाराबद्दल एक छोटा रकाना असतो आणि आपण त्यात 'व्हेज' एवढंच लिहून मोकळे होतो. स्पेनमध्ये मांस म्हणजे बऱ्याच जणांच्या लेखी मांसाचा तुकडा. हॅमचा बारीक चुरा, हाडांचा रस्सा किंवा ट्यूना मासा त्यात मोजला जाईलच असं नाही. तिथल्या कॅफेत 'सँडविच वेखेताल' मागवलं तर भाज्यांसोबत ट्यूना आणि अंडं निघण्याची शक्यता भरपूर. तेव्हा एका शब्दावर विसंबू नका, यादी द्या:

मांस नाही, हॅम नाही, सॉसेज नाही, मासे आणि कोळंबी नाही, मांसाचा किंवा माशांचा रस्सा नाही. अंडं चालतं की नाही. दूध-चीज चालतं की नाही. डुकराची चरबी नाही.

चरबीचं कलम अनेकजण विसरतात. मान्तेकादो आणि पोल्वोरोन या तिथल्या गोड पदार्थांत डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे. त्याउलट 'तोर्ता दे अथेइते' ही ऑलिव्ह तेलातली पातळ कुरकुरीत पोळी शाकाहारींना चालते. बऱ्याच चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारं रेनेट (दूध घट्ट करणारा घटक) वापरलेलं असतं, ते चालत नसेल तर तेही लिहा.

घरात एकजण शाकाहारी, एकजण फक्त गोमांस न खाणारा आणि एकजण सगळं खाणारा असेल, तर प्रत्येकाचं वेगळं लिहा. 'आमच्यापैकी काही व्हेज' असं लिहिलं तर गाईड सगळ्यांसाठीच सौम्य पर्याय मागवतो आणि खाणाऱ्यांचा विरस होतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना खरं सांगायचं तर हा वॉक अवघड आहे. ऑलिव्ह, बदाम, चीज आणि फळं यापलीकडे फार काही उरत नाही. त्यांनी शेरी चाखायचा बसून केलेला कार्यक्रम घ्यावा.

अ‍ॅलर्जी वेगळ्या ओळीत. युरोपीय संघाच्या नियमानुसार 14 प्रकारच्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती बारना द्यावीच लागते, त्यामुळे विचारायला संकोचू नका. मात्र छोट्या बारमध्ये तळणीचं तेल एकच असतं. त्याच कढईत कोळंबी आणि वांगी. हे चालणार नसेल तर 'वेगळ्या तेलात तळलेलं नसेल तर नको' असं स्पष्ट लिहा.

मग हे प्रश्न विचारा. गट किती जणांचा? दहाच्या वर असेल तर जुन्या चिंचोळ्या बारमध्ये गाईडचा आवाजही पोहोचत नाही. किती थांबे, किती पदार्थ, किती ग्लास? बसायला मिळतं की उभं राहायचं? गुडघेदुखीवाल्यांसाठी हा प्रश्न खाण्याहून महत्त्वाचा, कारण जुन्या बारमध्ये खरी मजा काउंटरपाशी उभं राहूनच असते आणि स्टूल असतातच असं नाही. रद्द करायची मुदत कोणती?

दारू न पिणाऱ्यांसाठी काय देता, हेही विचारा, आणि इथे एक खास सापळा आहे. 'मोस्तो' म्हणून द्राक्षाचा रस मिळतो. पण सेव्हियाजवळच्या अल्खाराफे भागात हिवाळ्याच्या महिन्यांत नव्या, कोवळ्या वाईनलाही मोस्तोच म्हणतात आणि तिच्यात अल्कोहोल असतं. म्हणून मोस्तोच्या जोडीला 'सिन अल्कोओल', म्हणजे अल्कोहोलविना, हे शब्द हवेतच.

तपासा: कंपनीचं उत्तर आलं का, आणि त्यात तुमच्या यादीतले मुद्दे परत नोंदवलेले आहेत का? नुसतं 'नो प्रॉब्लेम' आलं असेल तर पुन्हा विचारा.

टप्पा 4: वॉकच्या दिवशी पोट, पाणी, पाय

हॉटेलचा बुफे नाश्ता पैसे वसूल करायच्या ईर्ष्येने खाल्ला की दुपारचा वॉक तिथेच संपतो. दुपारचा वॉक असेल तर सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला एखादा पावाचा तुकडा आणि कॉफी पुरे. संध्याकाळचा असेल तर दोनच्या सुमारास हलकं जेवा आणि पाचनंतर एखादं फळ सोडून काही नको.

उपाशीही जाऊ नका. पहिल्या थांब्यावर वाईन आधी येते आणि बशी मागाहून. रिकाम्या पोटी 15 टक्क्यांची शेरी गेली तर गाईडचं बोलणं दुसऱ्या बारपासून ऐकू येईनासं होतं.

पाणी दिवसभर प्या. बारमध्ये नळाचं पाणी मागायला लाजू नका: 'अग्वा देल ग्रिफो, पोर फावोर'. स्पेनच्या 2022 च्या कचराविषयक कायद्याने खाद्यगृहांना नळाचं पाणी मोफत देणं बंधनकारक केलं आहे. प्रत्येक ग्लास वाईनमागे एक ग्लास पाणी हा हिशेब ठेवा.

बूट सपाट तळाचे. जुन्या शहरातले दगडी रस्ते गुळगुळीत झालेले आहेत आणि टाचांच्या सँडलचा दोन फरश्यांच्या फटीत घात होतो. पर्स समोर, चेन लावलेली. मोबाइल काउंटरवर ठेवायचा नाही. गर्दीच्या बारमध्ये पाकीटमार असतात.

सावधान: प्रवासात पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोल सुरू केलं असेल तर वाईन वर्ज्य. घरून आणलेल्या औषधांच्या डब्यात ही गोळी हमखास असते आणि तिच्या माहितीपत्रकात दारू टाळायला सांगितलेलं असतं. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

टप्पा 5: भेटीची जागा

'कॅथेड्रलपाशी भेटू' हा निरोप पुरेसा नाही. सेव्हियाचं कॅथेड्रल अवाढव्य आहे, त्याला चारी बाजूंनी दारं आहेत आणि चुकीच्या बाजूला उभं राहिलात तर वळसा घालून यायला चांगली दहा मिनिटं जातात. दाराचं किंवा चौकाचं नाव घ्या: प्लासा देल त्रिउन्फो की प्लासा विर्खेन दे लोस रेयेस? एन्कार्नासिओन चौकातली लाकडी छत्री, जिला सगळे 'सेतास' म्हणतात, तिथे भेटायचं असेल तर खाली बाजाराच्या पातळीवर की वरच्या पायऱ्यांवर, तेही विचारा.

सांता क्रूझच्या गल्ल्यांत मोबाइलवरचा निळा ठिपका भरकटतो, उंच भिंतींमुळे. पंधरा मिनिटं आधी निघा. टॅक्सी सगळ्या गल्ल्यांत जात नाही, शेवटचं अंतर चालावंच लागतं. उशीर झाला तर गाईड थांबत नाही, कारण पुढच्या बारमध्ये जागा वेळेवर धरलेली असते.

तपासा: गाईडचा फोन नंबर सेव्ह आहे का? पहिल्या दोन थांब्यांची नावं विचारून ठेवली आहेत का? चुकामूक झाली तर थेट तिथे गाठता येतं.

टप्पा 6: पहिला बार

गाईड भेटल्याबरोबर, चालायला लागण्याआधी, आहाराची यादी एकदा तोंडी सांगा. बुकिंग घेणारी व्यक्ती आणि गाईड बहुधा वेगळे असतात. फॉर्ममधली माहिती वाटेत गळते.

आता खाण्याचं गणित. चार थांबे आणि प्रत्येक ठिकाणी दोन-तीन बश्या धरल्या तर एकूण आठ ते बारा पदार्थ होतात. म्हणजे प्रत्येकाचे दोनच घास. पहिल्या बारमध्ये भूक असते, बशी चांगली असते, आणि सोबत 'पिकोस' या कडक पावाच्या कांड्या येतात. त्या कांड्यांनीच पोट भरतं. बोलता बोलता टोपली रिकामी होते आणि दुसऱ्या बारपर्यंत पोटात जागा उरत नाही. टोपली दुसऱ्या टोकाला सरकवा.

बशी सगळ्यांत मिळून एक असते आणि प्रत्येकजण आपल्या काट्याने थेट त्यातून उचलतो. उष्ट्याची अडचण वाटत असेल तर पहिल्याच घासाआधी छोटी बशी मागून घ्या, 'उन प्लातितो, पोर फावोर'. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. निम्मं खाऊन झाल्यावर मागितली तर ते विचित्र दिसतं.

स्वतःहून जादा काही मागवू नका. अरेनालमधल्या कासा मोरालेससारख्या, 1850 पासून चालू असलेल्या बारमध्ये मागे ओळीने उभी असलेली मोठमोठी मातीची रांजणं बघून आणि फळ्यावर खडूने लिहिलेली यादी वाचून हात शिवशिवतात. फोटो काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत या. मागवायचं झालंच तर आकार सांगा: 'तापा' सर्वात लहान, 'मेदिया रासिओन' अर्धी, 'रासिओन' पूर्ण ताटली. आकार न सांगता बोट दाखवलं की पर्यटकापुढे मोठी ताटली येऊ शकते. काही ठिकाणी तापाचा आकार फक्त काउंटरवर मिळतो, टेबलावर नाही.

सावधान: ग्रानादात पेयासोबत एक तापा फुकट येतो. सेव्हियात ती पद्धत नाही. फार तर ऑलिव्ह येतात. समोर आलेली प्रत्येक बशी फुकटच आहे असं समजून चालू नका.

टप्पा 7: वाईनचा क्रम

सेव्हिया हा शेरीचा शेजार. खेरेस शहर रेल्वेने तासाभरावर, मान्सानिया नावाची शेरी जिथे मुरते ते सानलूकार समुद्राकाठी. शेरी म्हणजे गोड आणि म्हाताऱ्यांचं पेय ही समजूत घेऊन गेलात तर पहिला घोट धक्का देईल: फिनो आणि मान्सानिया हे शेरीचे प्रकार पूर्ण कोरडे असतात, साखर जवळजवळ शून्य.

असं होतं कारण पिंपात वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढरा थर धरतो, त्याला 'फ्लोर' म्हणतात. तो थर हवेला वाईनपर्यंत पोहोचू देत नाही आणि उरलीसुरली साखर खातो. म्हणून रंग फिकट, चव खारट-बदामी. ओलोरोसो या दुसऱ्या प्रकारात अल्कोहोल 17 टक्के किंवा त्याहून जास्त नेतात, तिथे फ्लोर जगत नाही, वाईन हवेशी खेळत मुरते आणि गडद होते. आमोन्तियादो आधी फ्लोरखाली, मग हवेत, म्हणून दोन्हींच्या मधली. एवढं डोक्यात असलं की क्रम आपोआप कळतो: फिकटाकडून गडदाकडे, कोरड्याकडून गोडाकडे.

पहिला ग्लास: फिनो किंवा मान्सानिया, चांगली थंड, 15 टक्क्यांच्या आसपास. सोबत ऑलिव्ह, खारे बदाम, हॅम, तळलेले मासे. गार असतानाच संपवा. कोमट फिनो बेचव लागते. 'मान्सानिया' हेच नाव कॅमोमाइलच्या चहालाही आहे, त्यामुळे एकटे असताना 'मान्सानिया दे सानलूकार' असं म्हणा, नाहीतर दुपारच्या वेळी किटली यायची.

दुसरा: आमोन्तियादो, मुरलेल्या चीजसोबत किंवा मशरूमसोबत. शाकाहारींसाठी हीच जोडी सर्वात जमते, कारण दोन्हीकडे सुकामेव्यासारखी चव.

तिसरा: ओलोरोसो, शिजवलेल्या मांसासोबत. त्याऐवजी गाईड रिओखाची लाल वाईन देईल. तीही चालेल, पण दोन्ही एकाच थांब्यावर नको.

शेवटी पेद्रो हिमेनेस, काळी आणि काकवीसारखी दाट. लिटरमागे किमान 212 ग्रॅम साखर. मधुमेह असेल तर चमच्याएवढी चाखा नाहीतर सोडा. मातेओस गागो रस्त्यावरच्या छोट्या बारमध्ये मिळणारी संत्र्याची वाईन, 'विनो दे नारान्खा', हीसुद्धा गोड. तीही शेवटाकडेच घ्या.

क्रम मोडला की काय होतं? काहीजण सुरुवातीलाच गोड वाईन मागतात, कारण ती लगेच आवडते. त्यानंतर फिनो जिभेला नुसती आंबट लागते आणि 'शेरी काही खास नाही' असं मत बनतं. दुसरी चूक म्हणजे मध्येच तहान लागली म्हणून बिअर. उन्हाळ्यात थंडगार 'कान्या', म्हणजे छोटा ग्लास बिअर, मोह पाडतोच. घ्यायचीच असेल तर सर्वात आधी घ्या, शेरी सुरू होण्यापूर्वी.

ग्लास रिकामा करायची सक्ती नाही. निम्मा ठेवलात तरी कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे यजमानाच्या आग्रहाला नाही म्हणणं जड जातं, इथे आग्रहच होत नाही. चार ग्लास शेरी म्हणजे बिअरचे चार ग्लास नव्हेत. तिथली नेहमीची बिअर पाच टक्क्यांच्या आत असते आणि शेरी तिच्या तिपटीहून जड.

तपासा: तिसऱ्या थांब्यावर पोहोचलात तेव्हा पाण्याचे किती ग्लास झाले? आठवत नसेल तर आता वाईन नको, पाणी.

टप्पा 8: बशीत काय आहे ते ओळखा

गाईड सांगतोच, पण गोंगाटात अर्धं निसटतं. म्हणून नावं डोक्यात असू द्या.

शाकाहारींसाठी सर्वात भरवशाची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस': पालक आणि छोले, जिरं, लसूण, तिखट नसलेली लाल मिरची पूड आणि तळलेल्या पावाचं वाटण. जिऱ्यामुळे आपल्या जिभेला लगेच ओळख पटते. 1670 पासूनच्या एल रिन्कोन्सियो या बारमध्ये हा पदार्थ मिळतो. रस्सा मांसाचा नाही ना, एवढं विचारा. 'बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या' म्हणजे तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी. नावात 'मिएल' असलं तरी तो मध नसतो. 'साल्मोरेखो' हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट थंड सूप, पण वरून उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरवतात. त्यासाठी वाक्य पाठ करा: 'सिन हामोन, पोर फावोर', म्हणजे हॅम नको. 'पापास आलिन्यास' हे व्हिनेगर घातलेले बटाटे निरुपद्रवी दिसतात, वर मात्र बऱ्याचदा माशाचे तुकडे असतात. क्रोकेता दिसायला कटलेट, आत बहुधा हॅम.

गोमांस टाळणाऱ्यांनी 'कोला दे तोरो' घेऊ नये, ते बैलाचं शेपूट. 'कारियादा' म्हणजे गालाचं मांस, कधी डुकराचं, कधी गाईचं. प्रत्येक ठिकाणी विचारा. 'प्रिन्गा' भरलेल्या छोट्या पावात डुकराचं मांस, चरबी, चोरिसो आणि रक्ताचं सॉसेज कुस्करलेलं असतं, आणि कधी गोमांसही. 'सोलोमियो आल विस्की' डुकराचं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ. 'तोर्तियितास दे कामारोनेस' ही बारीक कोळंबीची कुरकुरीत धिरडी. 'कासोन एन आदोबो' म्हणजे व्हिनेगर-जिऱ्यात मुरवून तळलेला छोटा शार्क. कोकणात ज्याला मोरी किंवा मुशी म्हणतात त्याच जातकुळीतला. मोरीचं मटण खाणाऱ्यांना नवल वाटणार नाही. मे-जूनच्या सुमारास गोगलगायी येतात, 'काराकोलेस'. नको असतील तर आधीच सांगा.

हॅमच्या बाबतीत एकच गोष्ट: मांडीवरच्या सीलचा रंग बघा. काळं सील म्हणजे शंभर टक्के इबेरिको जातीचं, ओकची फळं खाऊन वाढलेलं डुक्कर. लाल म्हणजे फळं तीच, जात मिश्र. हिरवं आणि पांढरं त्याखालचे दर्जे. कंपनीने जाहिरातीत 'बेयोता', म्हणजे ओकची फळं, असं लिहिलं असेल तर समोर काळं किंवा लाल सील दिसायला हवं.

सावधान: विचारायचं एक वाक्य सगळीकडे चालतं. 'येवा कार्ने ओ हामोन?' म्हणजे यात मांस किंवा हॅम आहे का? उत्तरात वेटर क्षणभर थांबला तर बशी परत.

टप्पा 9: पैसे आणि निरोप

किमतीत काय धरलंय ते आधी कळलेलं असेल तर इथे काही अवघड नाही. जादा मागवलेलं तिथेच चुकतं करा, गाईडच्या हिशेबात मिसळू देऊ नका. एल रिन्कोन्सियोसारख्या जुन्या बारमध्ये वेटर लाकडी काउंटरवरच खडूने आकडे लिहितो. फोटो काढताना कोपराने पुसू नका. थोडे सुटे युरो ठेवा, कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं पण सगळीकडे नाही. गाईडला टीप ऐच्छिक, ठरीव किमतीच्या टूरमध्ये न दिल्याने कुणी रागावत नाही. फ्री टूरमध्ये मात्र तीच त्याची कमाई.

निरोप घेण्याआधी गाईडला दोन प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः रविवारी कुठे जेवता, आणि आज गेलो त्यातल्या कोणत्या बारमध्ये उद्या आम्ही दोघंच गेलो तर काय मागवू? ही उत्तरं लिहून घ्या. टूरच्या किमतीतला निम्मा भाग याच उत्तरांत वसूल होतो.

सावधान: वॉक संपल्यावर लगेचचा फ्लामेंको नाच-गाण्याचा खेळ बुक करू नका. वॉक बहुतेक वेळा अर्धा तास लांबतो आणि काळोख्या थिएटरात बसल्यावर शेरी डोळ्यांवर येते. खेळ आदल्या दिवशी बघा.

टप्पा 10: दुसऱ्या दिवशी

गाईडशिवाय एका बारमध्ये जा, काउंटरपाशी उभे राहा, एक ग्लास आणि एक तापा मागवा, तीन ते सहा युरोंच्या आसपास एका तापाचं बिल होतं. 'ला क्वेन्ता, पोर फावोर' म्हणून पैसे द्या आणि पुढच्या बारकडे चला. आवडलेली बाटली घ्यायची असेल तर दुकानातून घ्या आणि फिनोपेक्षा ओलोरोसो निवडा: उघडलेली फिनो काही दिवसांत उतरते, ओलोरोसो कितीतरी जास्त टिकते. बाटली आणि ऑलिव्ह तेल चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरच्या वरचं द्रव सुरक्षा तपासणीत काढून घेतात. भारतात परतताना दरडोई 2 लिटरपर्यंत दारू शुल्काविना आणता येते. हॅमची व्हॅक्यूम पाकिटं मात्र तिथेच संपवा, कारण भारतात मांसाचे पदार्थ आणायला आयात परवाना लागतो.